आतेचा धवला कुणाचा?

मी मुंबईच्या माहुल गावातून बोलते आहे. मुंबई म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर उंच इमारती येतात, आणि मग ही बाई ‘गाव’ का म्हणते, असं वाटतं. पण चेंबूरच्या पुढे, खाडीच्या कडेला आमचा कोळीवाडा आहे. एका बाजूला तेलाच्या रिफायनरीच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला चिखल, तिवरं आणि थंडीत उतरणारे रोहित पक्षी. या दोन्हींच्या मधे आम्ही. आमच्याकडे अजून हळदीला धवला गायला जातो. आज मी त्या धवल्याचीच गोष्ट सांगणार आहे, पण विषय मोबाइलचा आहे. आपण मोबाइलवर जे बोलतो, गातो, रेकॉर्ड करून कुठल्या तरी ॲपवर टाकतो, त्यावर नंतर आपला ताबा किती राहतो, हा तो विषय.

धवला म्हणजे काय ते आधी सांगते, कारण घाटावरच्या बहिणींना कदाचित माहीत नसेल. आगरी-कोळी लग्नात धवलारीण नावाची जाणती बाई असते. पूर्वी भटजी नसायचे तिथे लग्न लावायचं काम तीच करायची. हळद कुटताना एक गाणं, मांडव घालताना दुसरं, देवांना बोलावणं वेगळं. ती गाणी कुठं लिहिलेली नसतात. माझी आते धवलारीण आहे. तिला शाळा माहीत नाही, पण सगळी रात्र गाईल एवढी गाणी तिच्या तोंडी आहेत. जवळा, करंदी सोलता सोलता ती आईकडून शिकली.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने एका हळदीत तिचा धवला मोबाइलवर रेकॉर्ड केला. हौसेने एका ॲपवर टाकला. नाव लिहिलं, ‘कोळी हळद साँग’. आतेचं नाव नाही, गावाचं नाव नाही. पोरगा वाईट नव्हता, त्याला सुचलंच नाही. टाकताना ॲपने काहीतरी लांबलचक दाखवलं, त्याने ‘मान्य आहे’वर बोट ठेवलं. आपण सगळ्याच ठेवतो.

दोनेक वर्षांनी आम्ही पलीकडच्या खाडीत एका लग्नाला गेलो. रात्री डीजे वाजायला लागला आणि त्यात आतेचा आवाज आला. खाली धडधड ढोल, वर तिचा आवाज, मधेच तोडलेला, तीच ओळ चार-चार वेळा. पोरं नाचत होती. आते माझ्याकडे वळून म्हणाली, “बाय, माजा आवाज तिकरं कसा गेला गो?”

मला वाटलं, ती पैशाचं विचारेल. तिने ते विचारलंच नाही. तिला लागलं ते वेगळंच होतं. ते गाणं देवांना आवतण द्यायचं होतं. त्यात देवांची नावं ओळीने येतात, आधी ग्रामदेवता, मग बाकीचे. डीजेने मधली नावं कापून टाकली होती. “देवाला अर्ध्या वाटेवरशी परत लावला,” ती म्हणाली, आणि जेवण न करता घरी आली.

पुढचा भाग आणखी गमतीचा, म्हणजे आता गमतीचा वाटतो. माझ्या पुतणीने ठरवलं, आतेचा धवला आपण नीट, पूर्ण, नाव-गावासकट टाकायचा. जुन्या मोबाइलच्या मेमरी कार्डात मूळ रेकॉर्डिंग सापडलं. तिने ते टाकलं. दुसऱ्या दिवशी तिला सूचना आली, की यातला आवाज दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीचा आहे! कुणा अनोळखी माणसाने तो डीजेवाला तुकडा आपल्या नावाने नोंदवून ठेवला होता. यंत्राने दोन्ही आवाज जुळवले आणि ठरवलं की चोर आम्ही. माझ्या आतेच्या गळ्यातलं गाणं आतेच्याच घरातून टाकलं, तर परवानगी दुसऱ्याची लागणार.

त्या दिवशी मी पहिल्यांदा ते ‘मान्य आहे’ बटणाच्या वरचं लांबलचक वाचायला बसले. बचत गटाच्या हिशेबाची वही लिहून लिहून मला बारीक अक्षराची भीती राहिलेली नाही. तरी तीन संध्याकाळी गेल्या. पुतणी इंग्रजी वाचायची, मी तिला म्हणायचे, आता हे आपल्या शब्दांत सांग. जे कळलं ते तुम्हाला सांगते.

बहुतेक मोठ्या सेवा तुमच्या गाण्याची मालकी घेत नाहीत. यूट्यूबच्या अटींत सरळ लिहिलेलं आहे, की तुम्ही टाकलेल्या गोष्टीची मालकी तुमचीच राहते. हे वाचून पुतणी खूश झाली. मी म्हटलं, पुढं वाच. पुढं परवाना आहे. तुम्ही त्या कंपनीला ती गोष्ट वापरण्याचा, तिची प्रत काढण्याचा, ती जगभर दाखवण्याचा परवाना देता, त्याचे तुम्हाला पैसे मिळतीलच असं नाही, आणि त्या सेवेच्या इतर वापरणाऱ्यांनाही तुम्ही काही प्रमाणात वापराची मुभा देता. तुम्ही ते गाणं काढून टाकलं, तरी हा परवाना त्याच क्षणी संपत नाही, काही काळ चालू राहतो.

मालकी आणि परवाना यातला फरक आपल्याला कळायला अवघड नाही. आमच्या गटाची मोठी पातेली आहेत, लग्नकार्याला भाड्याने जातात. पातेलं गटाचंच, खाली गटाचं नाव कोरलेलं. पण नेणाऱ्याशी ठरवताना जर आपण असं लिहून दिलं, की तुम्ही ते पुढं कुणालाही द्या, त्याचं तोंड बदला, कान काढा, आणि आम्हाला काही द्यायला नको, तर मालकीला काय चाटायचं? आणि पातेलं निदान एकच असतं. आवाजाच्या प्रती किती निघाल्या ते देवालाही ठाऊक नाही.

इन्स्टाग्रामचं उदाहरण तुमच्या मुलींना लगेच कळेल. खातं सगळ्यांसाठी उघडं असेल आणि आपण रील टाकलं, तर त्यातला मूळ आवाज दुसरे लोक घेऊन आपापल्या रीलला लावू शकतात. सोय म्हणूनच ती केलेली आहे. खातं खासगी ठेवलं तर तसं होत नाही. म्हणजे तिथं ताबा अटींत कमी आणि सेटिंगमध्ये जास्त असतो. त्या मूळ आवाजाला नाव देण्याची सोयही तिथं आहे. आमच्या भाच्याने जर तेवढं नाव दिलं असतं, ‘धवला, माहुल कोळीवाडा’ आणि आतेचं नाव, तर आवाज फिरला तरी नाव सोबत फिरलं असतं.

आता कायदा. मी वकील नाही, पण या भानगडीत एका ओळखीच्या वकीलबाईंनी बसून समजावलं. आपल्या देशात कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. पारंपरिक गाणं कुणा एकाचं नसतं, ते सगळ्यांचं. धवला माहुलचाही आणि उरणचाही. पण ते गाणं एका बाईने एका रात्री गायलं, तर ते ‘सादरीकरण’ होतं, आणि गाणाऱ्याचे त्यावर हक्क असतात. १९९४ च्या दुरुस्तीने ते आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने वाढले. सादरीकरणानंतर पन्नास वर्षं ते हक्क चालतात. तिच्या परवानगीशिवाय ते रेकॉर्ड करणं, विकणं, पसरवणं हा त्या हक्काचा भंग. आणि मला सगळ्यात आवडलेलं कलम असं, की गाणाऱ्याला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क आहे, आणि आपल्या गाण्याची मोडतोड करून आपला मान जाईल असं काही केलं, तर त्याला हरकत घेण्याचाही हक्क आहे. हे मी आतेला सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजे देवाची नावं कापली त्याचा पन लिवलंय?” मी म्हटलं, जवळजवळ तसंच.

पण एक उलटी गोष्टही त्याच कायद्यात आहे आणि ती लपवून चालणार नाही. ध्वनिमुद्रणाचा म्हणजे रेकॉर्डिंगचा मालक कायद्याने ते मुद्रण करवणारा असतो, गाणारी नव्हे. म्हणजे आतेच्या गाण्याचं जे रेकॉर्डिंग, ते कागदोपत्री भाच्याचं. गाणारीचा हक्क वेगळा, रेकॉर्ड करणाऱ्याचा वेगळा. म्हणून कुणी तुमच्या गावात येऊन माइक पुढे धरला, तर त्या क्षणी दोन गोष्टी जन्माला येतात, आणि त्यातली एक त्याच्या खिशात जाते.

माइक धरणारे आमच्याकडे पुष्कळ आले. तुम्ही कदाचित वर्तमानपत्रात वाचलं असेल. आमच्या माहुलला पाइपलाइनच्या कामासाठी हटवलेल्या हजारो कुटुंबांना आणून वसवलं. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या हवेचा लोकांच्या आरोग्याला धोका असल्याचं म्हटलं होतं, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, ज्यांना इथे राहायचं नाही त्यांना माहुलला जबरदस्तीने पाठवू नका, असं सांगितलं. त्या काळात विद्यार्थी, पत्रकार, संस्थावाले रोज यायचे. बायका आपली दमा-खोकल्याची, पोराच्या आजाराची कहाणी सांगायच्या, रडायच्या, समोर मोबाइल चालू असायचा. त्या बोलण्याचा उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. आवाज बाहेर गेला म्हणून तर कोर्टापर्यंत पोचला. पण एका बाईने मला विचारलं होतं, “मी त्या दिवशी नवऱ्याविषयी जे बोलले, ते पण कुठं गेलं असेल का गं?” तिला उत्तर कोण देणार? रेकॉर्ड करणाऱ्या पोरीचं नावही तिला आठवत नव्हतं.

गाणं असो की कहाणी, विचारायचं ते आधी. नंतर विचारणं म्हणजे भरती ओसरल्यावर जाळं टाकणं.

आपल्याकडे चांगलंही घडलेलं आहे, तेही सांगते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. ‘पारी’ नावाची ग्रामीण भारताच्या बातम्या देणारी वेबसाइट आहे, तिथे २०१७ पासून त्या ओव्या ऐकायला मिळतात. ऐकायला गेलात तर पहिली गोष्ट दिसेल ती बाईचं नाव. मग तिचं गाव, तालुका, ती काय काम करते ते. पोरीने ते पान मला दाखवलं तेव्हा माझ्या मनात आलं, की एवढं काम करणाऱ्यांना लाख ओव्यांची नावं लिहायला वेळ होता, आणि आपल्याला एकीचं लिहायला झाला नाही.

दुसरं उदाहरण पैशाचं. यंत्राला मराठी बोलायला शिकवायचं तर मराठी आवाज लागतात, तासन्‌तास. मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी ‘कार्य’ नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात त्यांनी आपल्या महाराष्ट्रातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांकडून मोबाइलवर मराठी वाक्यं वाचून घेतली. छत्तीस लोकांनी मिळून १०९ तासांचं बोलणं रेकॉर्ड केलं, त्याचा अहवाल २०२० मध्ये आला. बोलणाऱ्यांना त्याचे पैसे मिळाले. पुढं ‘कार्य’ स्वतंत्र संस्था झाली. तिथे तासाला साधारण चारशे रुपये देतात, आणि तोच आवाज पुढं आणखी कुणाला विकला तर बोलणाऱ्यालाही त्यातला वाटा देण्याचं धोरण त्यांनी ठेवलं. वाटा हा शब्द आपल्या होडीवरचा. जाळं टाकणाऱ्याला वाटा, होडीवाल्याला वाटा. आवाजालाही असू शकतो, हे पाहून मला बरं वाटलं.

आणि तिसरा मार्ग दानाचा. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ योजनेत ‘भाषादान’ आहे, तिथे ‘बोलो इंडिया’मध्ये आपण मराठी वाक्यं वाचून आवाज देऊ शकतो. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’वरही मराठी आहे. तिथला आवाज सगळ्या जगाला वापरायला मोकळा असतो, आणि बोलणारी कोण ते शोधू नका, एवढी विनंती घेणाऱ्यांना केलेली असते. आपल्या भाषेसाठी कुणी जरूर द्यावा, मीही दिला. पण दान म्हणजे दान. देवळात टाकलेली गाय परत मागत नाहीत. तिथे वाक्यं वाचणं वेगळं आणि घरचा धवला देणं वेगळं, एवढं मनाशी ठरवलेलं असलं म्हणजे झालं.

आता आणखी एक नवं आलंय ते एआयचं. आपला एक मिनिटाचा आवाज घेऊन यंत्र आपल्यासारखं बोलतं, गातं. मोठमोठ्या गायकांनाही हा त्रास झाला. अरिजित सिंग यांनी मुंबई उच्च न्यायालयात दावा केला, त्यावर जुलै २०२४ मध्ये आदेश झाला. मग आशाताई भोसले कोर्टात गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. त्यात म्हटलं, की कुठलाही आवाज नामवंत गायिकेच्या आवाजात बदलून देणारं साधन तिच्या परवानगीविना लोकांना उपलब्ध करून देणं, हाच तिच्या हक्काचा भंग आहे. आवाज हा तिच्या ओळखीचा भाग आहे, असं कोर्टाने मानलं.

माझी आते आशाताई नाही. कोर्टाने ‘नामवंत’ म्हटलंय, आणि आमच्या आतेला खाडीच्या दोन्ही काठांवर सोडून कुणी ओळखत नाही. तिच्यासाठी हा आदेश जसाच्या तसा चालेल का, यावर वकीलबाई जरा थांबल्याच. म्हणाल्या, तुमच्याकडे गाणारीचा हक्क आहे, तो सांगा. म्हणून मी वर ती कलमं एवढी घोळून सांगितली.

एआयची दुसरी बाजू आपल्या गटांच्या धंद्याशी जोडलेली आहे, ती घाईने सांगते, कारण पुष्कळ गट यात फसतील. आमच्या गटाचा आगरी-कोळी मसाला आहे. दिवाळीआधी एका मुलीने फुकटच्या एआय ॲपवर मसाल्याच्या जाहिरातीचं गाणं बनवलं. चाल छान होती, सगळ्यांना आवडली, प्रदर्शनात लावायचं ठरलं. मग आम्ही अटी वाचल्या. सुनो काय किंवा इलेव्हनलॅब्ज काय, अशा सेवांच्या फुकट योजनेत बनवलेला आवाज कमाईसाठी वापरायची परवानगी नसते. पैसे भरणाऱ्यालाच ती मिळते. आणि सुनोने तर असंही सांगितलेलं आहे, की फुकटात गाणं बनवून नंतर पैसे भरले, तर त्या जुन्या गाण्याला हक्क मागून चिकटत नाही. म्हणजे ‘मी बनवलं’ म्हणून ‘माझं’ होत नाही. शेवटी आम्ही आमच्याच दोघी-तिघींनी डबा वाजवून गाणं म्हटलं. सूर जरा इकडे-तिकडे आहे, पण मसाला खपला.

अटी बदलतात, हेही ध्यानात असू द्या. साउंडक्लाउड नावाची गाणी टाकायची मोठी सेवा आहे. तिने फेब्रुवारी २०२४ मध्ये अटींत एआयबद्दल एक वाक्य घातलं. लोकांच्या ते लक्षात आलं मे २०२५ मध्ये, सव्वा वर्षाने! गाणारे भडकले. कंपनीने सांगितलं, की आम्ही कुणाचं गाणं एआयला शिकवायला वापरलेलं नाही, आणि तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय तसं करणार नाही, अशी अट सुधारली. भडकले म्हणून सुधारली.

आपल्या खासगी बोलण्याचं काय, असं तुम्ही विचाराल. व्हॉट्सॲपवर पाठवलेला आवाज आपल्याला ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करता येतो, पण साधारण अडीच दिवसांच्या आत. आणि समोरच्याने तो पुढं ढकलला असेल, तर ती ढकललेली प्रत आपल्या हातात नाही. एकदाच ऐकता येईल असा आवाज पाठवायची सोयही २०२३ च्या अखेरीस आली आहे, माइकचं चिन्ह वर सरकवून मग ‘१’ लिहिलेल्या गोल खुणेवर बोट ठेवायचं. माझी एक मैत्रीण माहेरची भांडणं आता तशीच पाठवते. मोबाइलला बोलून शोधता ना, ‘पावसाचा अंदाज सांग’, ‘गॅस नंबर लाव’? गूगलच्या खात्यात ‘वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी’मध्ये गेलात, तर काय काय शोधलं ते दिसतं, आवाज साठवायचा की नाही तेही तिथंच ठरवता येतं, आणि जुनं पुसता येतं. मी माझं उघडलं तेव्हा माझ्या नातवाने एका दुपारी सदतीस वेळा ‘डायनासोर’ म्हटलेलं निघालं.

मुलांवरून आठवलं. अमेरिकेत ॲमेझॉनच्या ॲलेक्साने लहान मुलांचे आवाज आईबापांनी पुसायला सांगूनही ठेवले, म्हणून २०२३ मध्ये कंपनीला अडीच कोटी डॉलरचा दंड मान्य करावा लागला. आपल्याकडेही २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यात आपल्या कामाचं बरंच आहे. तुमची माहिती कशासाठी घेतो ते सांगून संमती घ्यायची. ती सूचना मराठीतही मागता येते, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत ती मिळाली पाहिजे. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं हवं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आईबापांची संमती. पण एक भोक आहे, आणि तेच माझ्या आतेच्या गोष्टीत येतं. तुम्ही स्वतः होऊन जे चारचौघांत उघडं टाकलं, त्याला हा कायदा लागू नाही. घरातल्या माणसाने घरगुती कारणासाठी केलेल्या वापरालाही नाही. म्हणजे उघडं टाकायच्या आधीचा तो एक क्षण, तिथेच आपला सगळा जोर असतो.

तर आमच्या त्या वादाचं काय झालं? पुतणीने त्या सूचनेवर हरकत नोंदवली. आमच्याकडे दोन गोष्टी होत्या. मेमरी कार्डातली मूळ फाइल, तिच्यावर तारीख होती, डीजेच्या तुकड्याच्या दोन वर्षं आधीची. आणि मूळ रेकॉर्डिंग पूर्ण होतं, त्यात आतेने मधेच थांबून कुणाला तरी “गो, हळद आन” म्हटलेलं ऐकू येतं. डीजेने तेवढं कापलं होतं. ते वाक्य आमचा पुरावा झालं! समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस होते. त्याने दिलंच नाही. दावा गळून पडला, गाणं परत आलं. मोठ्या सेवांना आपल्या देशात तक्रार अधिकारी नेमावा लागतो, आणि तक्रार मिळाल्याची पोच चोवीस तासांत द्यावी लागते. डीजेच्या तुकड्याविरुद्ध आम्ही तिथेही लिहिलं. दोन ठिकाणचा निघाला. बाकी कुठं कुठं आहे, किती लग्नांत पेनड्राइव्हवर वाजतो, ते आम्हाला आवरता आलं नाही. येणारही नाही.

भाचा मात्र फार शरमला. त्याने एका साध्या कागदावर लिहून दिलं, की हे रेकॉर्डिंग मी केलं असलं तरी त्याचं काय करायचं ते आते ठरवेल. त्याखाली आतेचा अंगठा आणि आमच्या दोघींच्या सह्या. वकीलबाई म्हणाल्या, कागद बरा आहे, जपून ठेवा.

या केंद्रावर बोलायला आले तेव्हा मी इथल्या ताईंनाही विचारलं, की माझा हा आवाज तुम्ही कुठं ठेवणार, मासिकात छापणार म्हणता तर नाव कसं देणार, आणि पुढच्या वर्षी मला तो नको वाटला तर? त्या हसल्या आणि म्हणाल्या, असं आधी कुणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी कागद काढला आणि आम्ही लिहून घेतलं. तुमच्या गटाकडे कुणी माइक घेऊन आलं, तर तुम्हीही विचारा. चहा करायच्या आधी विचारा. चहा झाला की आपल्याला संकोच वाटतो.

आते आता रेकॉर्ड करायला नाही म्हणत नाही. तिला कळलंय की गाणी तिच्याबरोबर जातील, आणि तिच्या मागे शिकणारी एकटी माझी पुतणी आहे, तीही अर्धी. पण तिने स्वतःची एक रीत घातली आहे. मोबाइल चालू झाला की आधी ती आपलं नाव सांगते, आईचं नाव सांगते, माहुल सांगते, मग कुठल्या वेळेचं गाणं आहे ते सांगते. काही गाणी ती मोबाइल बंद करायला लावून गाते. कुठली, ते ती ठरवते, आणि आम्ही कुणी विचारत नाही. पुढच्या महिन्यात ट्रॉम्ब्याला हळद आहे. डीजेही आहे म्हणे. आतेने त्याला आधीच निरोप धाडलाय, की ती गाऊन उठेपर्यंत त्याने वायर जोडायची नाही.